गाडी का अडली?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला अडून पडलेली एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा मालमोटार दिसली नाही, असा दिवस क्वचितच उजाडतो. मागच्या चाकाला दगडाची उटी लावलेली असते. पळसाची किंवा कडुलिंबाची एक फांदी तोडून इशाऱ्यादाखल गाडीच्या मागे टाकलेली असते आणि बॉनेट उघडून दोन माणसे आत डोके खुपसून उभी असतात. भोवती चार बघे जमतात. एक म्हणतो, "इंजिन गेलं जी!" दुसरा म्हणतो, "बॅटरी उतरली असंल." तिसरा काहीच म्हणत नाही, तो केवळ झाडाच्या सावलीसाठी थांबलेला असतो.

माझी सारी नोकरी या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत झाली. वणी, केळापूर, घाटंजी, पुसद अशा निरनिराळ्या तालुक्यांत मी मराठी शिकविले. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. परंतु अडलेल्या गाडीजवळ तास-दोन तास बसून राहावे लागले की माणूस पाहू लागतो, आणि पाहता पाहता विचारू लागतो. चालक आणि मिस्त्री ही मंडळी मोठी बोलकी असतात. हात तेलाने माखलेले असले तरी प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांना कंटाळा येत नाही. त्यांच्याजवळ बसून जे ऐकले ते पुढे मी पुस्तकांत पडताळून पाहिले. आजवर ज्या अडलेल्या डिझेल गाड्या मी जवळून पाहिल्या, त्यांपैकी फार थोड्यांचे इंजिन खरोखर बिघडलेले होते. बहुतेकांचे इंजिन धडधाकट होते. त्याच्यापर्यंत तेल पोचत नव्हते, एवढेच.

हे नीट कळण्यासाठी जुन्या डिझेल गाडीची एक खुबी प्रथम सांगितली पाहिजे. पेट्रोलची गाडी किल्ली फिरवून बंद करतात. किल्ली फिरली की आतली विजेची ठिणगी थांबते आणि तिच्याबरोबर इंजिनही थांबते. जुन्या डिझेल गाडीत मात्र चालकासमोर एक लहानशी मूठ असे. ती ओढली की तिला जोडलेली तार इंजिनाच्या बाजूच्या पंपाची दांडी ओढून घेई आणि इंजिनाला जाणारे तेल तुटे. दोन-चार आचके देऊन इंजिन शांत होई. किल्ली काढून खिशात घातली, तरी मूठ ओढल्यावाचून ते थांबत नसे! म्हणजे, या इंजिनाला थांबवावयाचे तर त्याला उपाशी ठेवावयाचे, हाच रूढ उपाय. आता चालकाने मूठ ओढलेली नसताना गाडी वाटेत अडली, तर काय समजावे? त्याच्या नकळत दुसऱ्याच कोणीतरी तेल तोडले, असेच बहुधा समजावे. हा दुसरा कोण, याचा शोध घेणे म्हणजेच ती गाडी दुरुस्त करणे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, मग तेल पेटते कसे? तुम्ही सायकलच्या चाकात हवा भरता, तेव्हा पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या वर सरकताना आतल्या हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शात कोंबतो. इतकी कोंबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. डिझेलला आपणहून पेट घ्यायला सुमारे २१० अंश पुरेत. त्या धगधगत्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो लगेच पेटतो आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. काडी नाही, ठिणगी नाही. दाबलेली हवा आणि तेलाचा फवारा, या दोहोंवर सारा संसार.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. १८९७ साली जर्मनीतील औग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले, आणि तेलातील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग त्याने कामी लावून दाखविला. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिने याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नसत. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असेच एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. आपल्या फोडणीचे तेल तिकडे यंत्र फिरवीत होते! परंतु ही पहिली इंजिने धिप्पाड असत. तेल आत फुंकण्यासाठी त्यांना दाबलेल्या हवेचे वेगळे यंत्र लागे, आणि तो पसारा गाडीवर चढविणे कठीण होते. १९२७ सालापासून स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात तेल नेमके मोजून, दाबून देणारा लहान पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागला आणि डिझेल इंजिन रस्त्यावर रुळले. आपल्याकडे १९५४ साली जमशेदपूरला डिझेलच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या 'शकुंतला'ला मात्र वाफेचे इंजिन सोडून डिझेलचे इंजिन लागायला १९९४ साल उजाडावे लागले. आता ती गाडीच धावत नाही.

हा जो नेमका पंप, त्याच्या नेमकेपणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करू. एखादी चार सिलिंडरची जुनी जीप ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि तिला एका लिटरला १० किलोमीटर जमतात, असे धरा. म्हणजे तासाला चार लिटर डिझेल लागेल. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे मिनिटाला १,००० वेळा फवारा उडतो. चार सिलिंडरांचे झाले ४,००० फवारे, आणि तासाचे २,४०,०००. चार लिटरांना या आकड्याने भागा. एका फवाऱ्याच्या वाट्याला येते सुमारे सतरा घन मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांत औषध घालताना पडणाऱ्या थेंबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. एवढेसे तेल, मिनिटाला चार हजार वेळा, दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलो दाबाने, ठरल्या क्षणी पोचले पाहिजे. पंपातला बारीक दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशाइतकी. माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड! त्या फटीला वंगण म्हणून वेगळे तेल देत नाहीत. आतून जाणारे डिझेलच तिचे वंगण. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ झाली तर गाडी त्या दिवशी चालते, पण रॉकेल डिझेलइतके ओशट नसल्यामुळे पंप आतल्या आत झिजत जातो. भेसळ करणाऱ्याला हे ठाऊक नसते, असे मला वाटत नाही.

आता तेलाची वाट पाहू. टाकीतून निघालेले डिझेल नळीने एका लहान पंपाकडे येते. याला फीड पंप म्हणतात. तो टाकीतून तेल ओढून आणतो. तेथून ते गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये जाते. गाळून झाले की मोठ्या दाबाच्या पंपात येते, आणि तेथून जाड पोलादी नळ्यांतून प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावरील नोझलमध्ये. नोझलमधून उडालेले जळून जाते आणि उरलेसुरले दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जाते, तशीच ही वाट. वाफा कोरडा दिसला, तर शहाणा शेतकरी वाफ्यातच उकरीत बसत नाही. तो पाटाच्या कडेने मागे मागे चालत जातो आणि कोठे फुटले, कोठे तुंबले ते पाहतो.

या वाटेवर येणारा पहिला चोर म्हणजे हवा. हवेवाचून इंजिन चालत नाही, हे खरे. पण ती तेलाच्या नळीत शिरली तर तेच इंजिन अडते. याचे कारण सोपे आहे. तेल दाबले तरी फारसे आकसत नाही, हवा आकसते. नळी तेलाने पूर्ण भरलेली असली तर पंपाच्या दट्ट्याचा जोर नोझलपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि नोझल उघडते. मध्ये बुडबुडा असला तर सारा जोर त्या बुडबुड्याला आकसण्यातच खर्ची पडतो. दट्ट्या मागे सरकताच बुडबुडा पुन्हा फुगतो. भिंतीवर मारावयाचा ठोसा कापसाच्या गाठोड्यावर बसावा, तशी गत. शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगण्याची फारशी गरज नाही. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला, की नळीतले पाणी रात्रीतून विहिरीत उतरते. सकाळी कळ दाबली की मोटर घूं-घूं करीत फिरते, पण पाण्याचा टिपूस येत नाही. मग पंपात बादलीने पाणी ओतून आतली हवा हुसकावून लावावी लागते. डिझेल गाडीचेही तेच.

हवा शिरते कोठून? टाकी अगदी तळाला गेली आणि घाटाच्या चढावर तेल एका बाजूला कलंडले, की नळीचे तोंड उघडे पडते. पण त्याहून फसवी वाट दुसरी आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत तेल ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून त्या भागात बारीक चीर असली तर तेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. नळीवर ओल नाही, खाली डाग नाही, सारे कोरडे ठणठणीत, आणि तरीही गाडी अडते. गळती शोधण्यासाठी आपण ओल पाहतो. येथे ओल नसणे हीच खूण. पंपाच्या पुढची गळती मात्र लगेच दिसते, कारण तेथे तेल दाबाखाली असते.

हवा काढण्याची रीत पाहण्यासारखी असते. फिल्टरच्या माथ्यावर एक लहान स्क्रू असतो. तो ढिला करावयाचा आणि फीड पंपावरची हातमूठ दाबत राहावयाचे. आधी नुसता फसफस आवाज येतो, मग साबणासारखा फेस, मग फेस आणि तेल मिसळून, आणि अखेर स्वच्छ, अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावयाचा. मिस्त्री लोक याला 'एअर काढणे' म्हणतात. 'गाडीने हवा धरली', 'गाडी आचके खाते', 'तेल तोडते' असे त्यांचे शब्दप्रयोग. मी आयुष्यभर मराठी शिकविले, पण ही मराठी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटली नाही. ती रस्त्याच्या कडेलाच ऐकावी लागली.

त्या स्क्रूतून काय बाहेर येते, यावरून केवढे कळते, हे मी १९९१ सालच्या मार्च महिन्यात पाहिले. तेव्हा मी पैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका आडगावी शिक्षक होतो. दहावीच्या शालान्त परीक्षेचे केंद्र पांढरकवड्याला होते. मुलांना आदल्या संध्याकाळीच तेथे नेण्याचे ठरले होते, पण सांगितलेली गाडी आलीच नाही. रात्री शोधाशोध करून एक जुनी डिझेल जीप मिळविली. तिच्या वृद्ध चालकाला सारे 'चाचा' म्हणत. सकाळी आठाला नऊ मुले आणि मी असे त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. मुलांत कोलामांच्या पोडावरची एक मुलगी होती; तिच्या पोडावरून दहावीला बसणारी ती पहिलीच. चाळीसेक किलोमीटरची वाट. अर्ध्याहून अधिक कच्ची. अकराला मराठीचा पेपर.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर जीप आचके देऊ लागली आणि थांबली. दिव्यातले तेल संपत येऊन ज्योत लपलपत विझावी, तशी ती विझली. चाचा शांतपणे उतरले. "हवा शिरली असंल गुर्जी, काढतो," असे म्हणून त्यांनी स्क्रू ढिला केला, हातमूठ दाबली, आणि वीसेक मिनिटांत गाडी पुन्हा सुरू झाली. पुन्हा सात-आठ किलोमीटर, आणि पुन्हा तेच. या खेपेला त्यांनी नळीचे सारे जोड आवळले. मुले उतरून बाभळीखाली बसली आणि वह्या उघडून समास घोकू लागली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. गाडी सुरू झाली; पाटणबोरीजवळ पक्की सडकही लागली. आता पोचलो, असे वाटते न वाटते तोच तिसऱ्यांदा आचके सुरू झाले. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

चाचांनी पुन्हा स्क्रू ढिला केला. पण हातमूठ दोन-तीनदा दाबून ते थांबले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. एका मुलाने धीर न धरवून विचारले, "चाचा, काऊन थांबले?"

"फेस नाई बापू," चाचा म्हणाले. "हवा असती तं फेस आला असता. धारबी नाई. तेल येऊनच नाई राह्यलं."

"पण टाकीत तेल आहे ना?" मी विचारले.

"अर्धी टाकी हाये जी. तेच पाहून राह्यलो." मग ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "दर डाव तेवढंच चालते, अन् थांबते. थोडं थांबलं का पुन्हा चालते."

ते इंजिनाला पाठ करून गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि त्यांनी टाकीच्या झाकणाला हात घातला. झाकण फिरेना. जोर करून फिरविले, तेव्हा 'सूंऽऽ' असा लांबलचक आवाज झाला. आम्हा सर्वांना तो स्पष्ट ऐकू आला. बाहेरची हवा टाकीत धावत शिरत होती.

झाले होते ते असे. टाकीतून जेवढे तेल जाईल, तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. त्यासाठी झाकणाला एक बारीकसे छिद्र ठेवलेले असते. सांडलेले डिझेल आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांचा लगदा होऊन ते छिद्र बुजले होते. तेल जाई, पण त्याची जागा घ्यायला हवा येईना. टाकीत पोकळी वाढत गेली, आणि अखेर फीड पंपाला तेल ओढून घेणे अशक्य झाले. गाडी थांबली की कोठून तरी झिरपून थोडी हवा आत शिरे, पोकळी जराशी भरून निघे, आणि गाडी आणखी सात-आठ किलोमीटर चाले. औषधाच्या बाटलीला रबरी बूच लावून त्यातून नळीने पाणी ओढून पाहा. थोडे येईल आणि मग येणार नाही.

शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग होता. चाचांनी एका पऱ्हाटीची काडी मोडली, तिचे टोक चाकूने तासले आणि त्या छिद्रातला लगदा कोरून काढला. तरीही झाकण लावताना ते त्यांनी दोन आटे सैलच ठेवले. हातमूठ चार-सहा वेळा दाबताच स्क्रूतून स्वच्छ धार आली. पांढरकवड्याच्या केंद्रावर पोचलो, तेव्हा पहिली घंटा झालेली होती आणि दुसरी व्हावयाची होती. मुले आत पळाली. त्या कोलाम मुलीची चप्पल पायरीवर निघाली, ती तशीच टाकून ती वर्गात गेली.

पेपर सुटल्यावर एका मुलाने चाचांना विचारले, "पहिल्याच वेळी झाकण का नाही उघडलं?" चाचा हसले. "पह्यल्या डाव थांबली तवा मले काय ठाव, का ती दर डाव तेवढंच चालून थांबनार हाये?" मी ती चप्पल पायरीवरून उचलून जीपमध्ये ठेवली होती.

हवेखालोखालचा शत्रू पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली, की वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर दवासारखी जमते आणि खाली ओघळते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर डिझेलचे सुमारे ८३० ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी जाऊन बसते. आणि टाकीतून तेल ओढणारी नळीही तळाजवळच असते! पंपाच्या त्या केसाहून बारीक फटीत पाणी शिरले तर वंगण तुटते, पोलाद गंजते, कधी दट्ट्या जागीच जखडतो. जुने चालक संध्याकाळीच टाकी भरून ठेवीत, ते यासाठी. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना टेकतात, तेथे सूक्ष्म जंतू आणि बुरशी वाढतात, हेही आता माहीत झाले आहे. त्यांचा काळसर, बुळबुळीत साका फिल्टर बुजवितो. डिझेलवर जगणारे जीव असतात, हे प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले होते.

राहिला कचरा. कपाशीवर फवारणी करताना नोझलमध्ये कण अडकला की फवाऱ्याची नुसती धार होते, हे तुम्ही पाहिले असेल. डिझेलच्या नोझलची भोके त्याहूनही बारीक असतात. पण येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फवारणीचे नोझल तोंडाने फुंकून साफ करण्याची खोड आमच्याकडे पुष्कळांना होती. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्याच जिल्ह्यात कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून नोझल कोणी ओठांशी नेलेले दिसले की मी परक्या माणसालाही हटकतो. डिझेल तोंडाने नळीतून ओढणे हेही तसेच घातक. ते घोटाबरोबर फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते.

इंजिन अडण्याआधी पुष्कळदा धुराने बोलते. पांढरा धूर म्हणजे तेल येते पण जळत नाही. काळा म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. इतके समजले तरी प्रवाशाला पुरे.

अलीकडच्या गाड्यांत ही विद्या तशीच्या तशी चालत नाही. त्यांत तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन हजार किलोंपर्यंत जातो, आणि फवारा केव्हा, किती उडवावा हे संगणक ठरवितो. अशा गाडीच्या नळीला वाटेत पाना लावू नये. आणि विजेच्या गाडीत तर तेलच नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. २०२२ साली त्याच दिवशी, त्याच वाटेने एस.टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' गेली. तिला थांबविण्याला मूठ ओढावी लागत नाही.

तथापि, जुने ट्रॅक्टर आणि जुन्या मालमोटारी अजून आमच्या रस्त्यांवर आहेत, आणि त्यांचे पंप व नोझल तपासणारी लहान दुकानेही आहेत. अशाच एका दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. मिस्त्री नोझल एका हातपंपाला लावतात आणि दांडा दाबतात. दाबमापकाचा काटा चढतो, आणि एकाएकी 'चर्रर्र' असा आवाज होऊन धुक्यासारखा फवारा उडतो. आवाज चिरका आणि फवारा सारखा असला, तर नोझल चांगले. टोकाशी थेंब लोंबला, तर वाईट. त्या फवाऱ्यापुढे बोट नेऊ देत नाहीत; तो कातडी भेदून आत शिरतो. मिस्त्रींचे डोळे आता अधू झाले आहेत, म्हणून ते फवारा पाहण्याऐवजी बहुधा कानानेच पारखतात.

मृगाच्या तोंडावर त्यांच्या दुकानापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. मे महिनाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे मिस्त्री आणखी कशालाही हात लावीत नाहीत. आधी टाकीच्या तळाचा बोल्ट ढिला करतात, पहिली धार एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरतात आणि ती बाटली ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पोराच्या हाती देऊन म्हणतात, "उजेडात धरून पाह्य बरं, काय दिसते?" पोरगे बाटली सूर्याकडे धरते. वर पिवळसर डिझेल, खाली दोन बोटे पाणी, आणि मध्ये एक काळी रेघ.